कुसाबाईची दोन मिनिटं

बायकांना विनोद करता येत नाही, असं म्हणणारा माणूस भेटला की माझं डोकं फिरतं. आणि तो भेटतोच. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी कुणाच्या घरी टीव्हीसमोर पाय पसरून बसलेला. मी त्याला एवढंच विचारते, की बाबा, सातपूरला रबराच्या शेडमध्ये जमिनीवर बसून कधी काम केलं आहेस का? नाही ना? मग तुला कुसाबाई माहीत नाही, आणि या विषयावर तू गप्प बसलेलं बरं.

कुसाबाई सिन्नरकडच्या एका खेड्यातली. नवऱ्याला कारखान्यात काम मिळालं म्हणून नाशकात आली आणि सत्याण्णव साली आमच्या शेडमध्ये लागली. आमचं काम सोपं आणि जीव नको करणारं. साच्यातून निघालेल्या रबरी रिंगांना कडेने जादा रबर चिकटलेलं असायचं, ते कात्रीने कापायचं. नऊ-दहा बायका गोल करून बसायचो, मध्ये रिंगांचा ढीग. बोटं काळी, नाकात जळक्या रबराचा वास. हातांना उसंत नव्हती, पण तोंडं मोकळी होती. त्या मोकळ्या तोंडांचं काय करायचं, हे कुसाबाईला ठाऊक होतं.

"टाका जनावर," ती म्हणायची.

कुणीतरी जनावराचं नाव टाकायचं, आणि कुसाबाईने कात्री न थांबवता त्याचं कोडं करायचं, असा तो खेळ.

"मोर," मी एकदा टाकलं.

"मोराच्या बायकूत बसून आपुन रोज भांडी घासतो. सांगा कोण?"

लांडोर, लांडोर असं दोघी-तिघी पुटपुटल्या.

"मोरी," कुसाबाई म्हणाली आणि पुढची रिंग उचलली.

दुसरीने घोरपड टाकली. "नाव घेतलं की आपले नवरे लगीच हुकूम पाळत्यात, असं जनावर कोन्तं? घोर, पड." मग एक जण घोरणारा नवरा झाली, एक सासू झाली, मी त्याला उठवायला आलेली शेजारीण झाले, आणि बसल्या जागी आमचं नाटक सुरू झालं. आधी ठरलेलं काही नसायचं. जिला जे सुचेल ते तिने बोलायचं, पुढचीने ते उचलायचं. हसून हसून रिंगा वेड्यावाकड्या कापल्या जायच्या आणि परत मोडीत टाकाव्या लागायच्या.

नुसती शब्दांची गंमत थोड्या दिवसांत जुनी झाली. तेव्हा कुसाबाईने खेळाला नियम घातला. जी जनावर टाकील, तिच्यावरच कोडं पडणार. म्हणजे आपलं जनावर आपणच निवडायचं. दुसरीवर टाकायचं नाही. कुणी रागाच्या भरात शेजारणीला 'गाढव' म्हणाली, तर गाढवाचं कोडं म्हणणारीवरच व्हायचं. या एका नियमाने आमच्यातली भांडणं निम्मी झाली. असा नियम शिकलेल्या माणसांच्या सभांमध्ये मी अजून पाहिलेला नाही.

आमच्यात सगळ्यांत मोठी मंगलाबाई. अंगाने जाड, पाय कायम सुजलेले, उठायचं तर भिंतीला हात लावून उठायची. रोज घरून किटलीत दूध आणायची, शेडमधल्या स्टोव्हवर चहा करायची, सगळ्यांच्या हातात नेऊन द्यायची. तिच्यासाठी उरला तर उरला. कुसाबाईच्या नवऱ्याचं काम मध्ये सुटलं होतं, तेव्हा मंगलाबाईच्या डब्यात रोज दोन भाकऱ्या जास्त असायच्या, आणि त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही.

एक दिवस मंगलाबाईनेच आपणहून टाकलं, "म्हैस."

आमच्या सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. तिला लोक मागून काय म्हणतात, हे तिला ठाऊक होतं, एवढाच त्याचा अर्थ. कुसाबाईने मान वर केली नाही.

"अशी कोन्ती म्हैस," ती म्हणाली, "जी आपलं दूध आपणच काढती, आपणच तापविती, समद्या गोठ्याला वाटती, आन् सवताला साय बी ठिवत नाय?"

मंगलाबाई हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. तेव्हापासून ती चहाला उठली की स्वतःच म्हणायची, "चला, म्हैस निघाली." दुसऱ्या कुणी मात्र तो शब्द तिच्यासाठी कधीच वापरला नाही.

आमचा सुपरवायझर होता शेखर. तो माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा शेडांचा मिळून एक गणपती बसायचा आणि विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी कार्यक्रम व्हायचा. कार्यक्रमाचा माईक दरवर्षी शेखरकडे. एका वर्षी गणपतीच्या आधी तो जेवणाच्या सुट्टीत आमच्यात येऊन बसला. "कुसाबाई, तुमची ती जनावरांची कोडी ऐकवा ना," म्हणाला. "यंदा स्टेजवर पाच मिनिटं तुम्हाला देतो."

कुसाबाईने डबा तसाच ठेवला आणि होती नव्हती ती सगळी कोडी त्याला ऐकवली. मोरी, घोरपड, आणि तो मागतच राहिला म्हणून म्हैसही. कार्यक्रमाची तालीमच चालली आहे, असं तिला वाटलं. त्यानंतरचे दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. नवऱ्याला सुट्टी टाकायला लावली, गावाहून बहिणीला बोलावलं.

"घरात हसवलं, शेडात हसवलं," ती मला म्हणाली. "एकदा अनोळखी माणसं हसवून बघायची हायेत, आशे. तेवढं झालं की बास."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. पुढे खुर्च्यांवर मालक लोक, त्यांच्या मागे कामगार, आणि सगळ्यांत मागे सतरंजीवर आम्ही बायका. मंगलाबाई नव्या सुनेला घेऊन आली होती. सून लाजत लाजत सगळ्यांना नमस्कार करत होती.

पहिलं गाणं झालं आणि शेखरने माईकवर मोरीचं कोडं घातलं. मांडव हसला. "माझं हाय," कुसाबाई मला हळूच म्हणाली, आणि अजून तिच्या तोंडावर हसू होतं. दुसऱ्या गाण्यानंतर त्याने घोरपडीचं घातलं. मांडव जास्त हसला. आता कुसाबाईने माझा हात धरला. तिच्या कोड्यांची नुसती लूट चालली होती, आणि त्याने एकदाही तिचं नाव घेतलं नाही.

तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आता सांगा, अशी कोणती म्हैस आहे, जी उठायला लागली की भिंत हलते?" आणि थोडं थांबून, मागे हात करून, "आमच्या मंगलाबाई!"

सगळा मांडव हसला, लोक वळून वळून बघायला लागले. मालकांपैकी एक जण तर खुर्चीतून उठून बघत होता. सुनेने मान खाली घातली. आणि मंगलाबाईही हसली, पदर तोंडाला लावून हसली. मला तेच सहन झालं नाही. अजून होत नाही. त्या माणसाने कोड्यातलं दूध काढून घेतलं, चहा काढून घेतला, साय काढून घेतली आणि नुसती म्हैस लोकांपुढे उभी केली. वर याला गंमत म्हणायचं. ज्या बाईच्या हातचा चहा हा स्वतः रोज प्यायचा, तिच्याच सुनेसमोर.

मग त्याने घड्याळात बघितलं. "वेळ कमी आहे, पण आपल्या कुसाबाईंना काही सांगायचंय. या कुसाबाई, दोनच मिनिटं."

कुसाबाई उठली. इस्त्रीची साडी सावरत स्टेजवर गेली. लोक आधीच हसायच्या तयारीत होते. तिने माईक घेतला आणि शेखरकडे वळली.

"साहेब, आमच्या खेळात एक नियम हाय. जो जनावर टाकतो, त्याच्यावरच कोडं पडतं. मंगलाबाईनी म्हैस सवतावर टाकली व्हती. तुम्ही दुसरीवर टाकली. आता तुमचं जनावर टाका."

शेखर हसला. "अहो, गंमत आहे कुसाबाई. तुम्ही तुमचं चालू करा."

"गंमतच हाय. टाका."

काही जण हसले. शेखरने मालकांकडे पाहिलं. कुसाबाई थांबली. ती वाट बघत उभी राहिली, अगदी शांत, आणि शेखर नुसता घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. हसणारे एकेक करून गप्प झाले. शेखरवर कोडं करणं तिला काय अवघड होतं? तिने तोंड उघडलं असतं तर मांडव डोक्यावर घेतला असता लोकांनी. ती ज्याची इतके दिवस वाट बघत होती, ते सगळं तिच्या जिभेवर होतं. पण त्याने जनावर टाकलं नव्हतं, आणि दुसऱ्यावर टाकायचं नाही हा नियम तिचाच होता.

मग तिने लोकांकडे तोंड केलं आणि म्हशीचं कोडं पुरतं सांगितलं. दूध काढण्यापासून सायीपर्यंत. उत्तर सांगताना 'मंगलाबाई' म्हणून मागच्या सतरंजीकडे हात जोडले. कुणीही हसलं नाही. तिने माईक खाली ठेवला आणि उतरून आली.

घरी जाताना मंगलाबाई तिला म्हणाली, "कशाला गं? मला काय, सवय हाय. तुझी येळ वाया घालवलीस." कुसाबाई तिचा दंड धरून चालत राहिली, कारण मंगलाबाईचे पाय फार दुखत होते.

पुढच्या आठवड्यात शेखरने सांगितलं की माल कमी आहे, कुसाबाईंनी काही दिवस घरी बसावं. ते काही दिवस कधी संपलेच नाहीत. माल मात्र तेवढाच येत होता; तिच्या वाटणीच्या रिंगा आम्हीच कापत होतो. मालकांना मी सांगायला गेले, तर ते म्हणाले, हे शेखर बघतो. पुढे कुसाबाई पिंपळगावकडे द्राक्षांच्या पॅकिंगला जायला लागली. तिथेही कात्रीच, घडातले खराब मणी काढायचे. पण तिथे तोंडाला फडकं बांधावं लागायचं आणि बोलायला बंदी होती. हे ऐकून मला किती वाईट वाटलं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

दोन हजार सहामध्ये एका लग्नात शेखर भेटला. केस रंगवलेले, बोटात अंगठ्या. जेवताना त्याने आपणहून विषय काढला. "ती तुमची कुसाबाई! केवढं कौतुक करायच्या तुम्ही बायका. मी संधी दिली, पण स्टेजवर पार गळाली बिचारी. एक माणूस हसला नाही."

ताट तसंच ठेवून मी उठले आणि तडक कुसाबाईच्या घरी गेले. ती दारात मेथी निवडत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शेखरला शिव्याही घातल्या. तू आजच माझ्याबरोबर चल आणि त्याला चार माणसांत खरं काय ते सुनाव, म्हणाले.

"खरंच सांगितलं की त्यानं," कुसाबाई म्हणाली. "मी जायच्या आदुगर समदा मांडव मंगलाबाईला हसत व्हता. मी हुबी ऱ्हायले, आन् एक बी माणूस हसला नाय. मला तेवढंच करायचं व्हतं."