कामावर निघालेली माशी

तुदाला खोऱ्यात ‘माश्यांची वैदीण’ म्हणत. थोडे कौतुकाने, बरेचसे कुचेष्टेने. मधपाळांच्या संस्थेत ती सूक्ष्मदर्शक चालवायला शिकली होती. पेटीच्या दर्शनी फळीवर विष्ठेचे तपकिरी डाग नसले की माश्या निरोगी, ही ॲटलास पर्वताच्या त्या भागातली रूढ समजूत तिला पटत नसे. पोटातली बुरशी डाग न पाडताही वसाहत पोखरते, हे तिने काचेखाली पाहिले होते.

उद्या झातरची सुगंधी रानझुडपे फुललेल्या डोंगरावर गावाच्या साऱ्या मधपेट्या एकाच पाणवठ्याभोवती मांडल्या जाणार होत्या. रोगट पेटी वर गेली, तर सगळ्यांचीच पोळी ओस पडण्याचे भय होते.

गावातले मधपाळ बासूकाका यांनी आपल्या पेट्यांतून काढून दिलेल्या माश्या तिने पाण्यात चुरून तपासल्या. काही आढळले नाही. तरी तिने विचारले, “काका, या काढल्यात कुठून?”

“आतून. पिलांच्या चौकटीवरून.”

“म्हणजे कोवळ्या. त्यांच्यात बुरशी वाढलेलीच नसते. मला रानात जाणाऱ्या हव्यात.”

“कामावर निघालेली माशी मारायची नसते. तुझ्या आजोबांनी कधी मारली नाही.”

“मग परत येणारी द्या.”

“ओझं घेऊन घरी येणारी? तुला संस्थेनं शिकवलं की कसायानं?”

तुदा स्वतःच्या पेट्यांकडे गेली. तीही त्याच रीतीत वाढली होती. तरी तिने पेटीचे दार फडक्याने बंद केले. रानातून परतून दाराशी खोळंबलेल्या माश्या तिने स्पिरिटच्या बरणीत झाडून घेतल्या.

काचेखाली जवाच्या दाण्यांसारखे चकाकणारे बुरशीचे बीजाणू दाटीवाटीने पसरले होते. तिची मिळकत झातरच्या मधावरच अवलंबून होती. तरी तिने काकांना बोलावले.

ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. “कुणाच्या?”

“माझ्याच. फळी तुमच्याइतकीच स्वच्छ आहे.”

“आता?”

“माझ्या पेट्या खालीच राहतील.”

“मग वर्षभर खाशील काय?”

“तुमचे टोमणे. पोट भरतं.”

काका हसले नाहीत. आपल्या पेटीपाशी जाऊन त्यांनी फेट्याचे टोक दारात कोंबले. “बरणी धर. दार मी लावतो, बाकीचं तुझं तू बघ,” म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

काकांच्या दोन पेट्यांत बीजाणू निघाले. पहाटे पेट्या लादलेली खेचरे डोंगर चढू लागली, तेव्हा त्या दोन्ही तुदाच्या पेट्यांशेजारी खालीच होत्या, आणि काका पुढच्या घराच्या दारात उभे राहून शेजाऱ्याशी भांडत होते, “फळी काय दाखवतोस? माश्या दे.”