कानाच्या मशीनचे मंगळवार

माजी सैनिकांच्या दवाखान्यात गोळ्या संपतात, गोष्टी संपत नाहीत. बाकड्यावर दोन तास बसा, पदर भरून घरी न्याल. आमचे हवालदार तोफखान्यात होते. कान तोफेला देऊन आले. डाव्या कानाशी ओरडलं तर थोडं कळतं. कानाच्या मशीनचा कागद मिळावा म्हणून आम्ही वर्षभर दर मंगळवारी पावसहून रत्नागिरीला खेपा घातल्या.

खिडकीवरच्या कारकुनाला पहिल्या दिवसापासून संशय. दवाखान्यासमोर शाळा. राष्ट्रगीत लागलं आणि आमचे हे ताठ उभे. कारकून म्हणाला, "ऐकू येत नाही म्हणे!"

मी म्हटलं, "पोरं उभी राहिलेली दिसतात त्यांना. आम्ही डोळ्यांचा अर्ज केलाय काय?"

तेव्हापासून तो ह्यांच्या तोंडासमोरच बोलायचा, "नाटकी आहे म्हातारा." हे मला विचारायचे, "काय म्हणतो?" मी डाव्या कानात सांगायची, "पुढल्या मंगळवारी या म्हणतो."

त्या कारकुनाचा कोणावरच विश्वास नाही. शेवंतावहिनी सुभेदारांची विधवा. कोळंबी सोलून सोलून बोटांच्या रेषा गेल्या. दवाखान्याच्या कार्डासाठी अंगठा लावला, उमटेना. हा म्हणतो, "तुम्हीच त्यांची बायको कशावरून?"

वहिनी म्हणाली, "मेल्या, काल माझ्याकडनं कोळंबी नेलीस, वर मूठभर जास्त मागितलीस. तेव्हा बरी ओळखलीस!"

कार्ड त्याच दिवशी झालं.

मध्ये नोकरीचा मेळावा झाला, माजी सैनिकांसाठी. एका आंबेवाल्याला बागेत राखणदार हवा होता. त्याने विचारलं, "बंदूक चालवता येते?" मी तेच ह्यांच्या कानात ओरडले.

हे म्हणाले, "तोफ येते."

आंबेवाला माझ्याकडे वळला. "चोर आले तर ह्यांना ऐकू कसं येणार?"

"चोर काय सनई वाजवत येतात?" मी म्हटलं. पण तो मशीन लावून या, मग बघू म्हणाला. म्हणजे पुन्हा मंगळवार.

मग नवीन डॉक्टर आला. कारकून त्याच्या कानाला लागला, ते मी पाहिलं. डॉक्टरने ह्यांच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे मुद्दाम पाडला. आख्खं बाकडं दचकलं. एका आजोबांची कवळी हलली. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. डॉक्टरने मान खाली घालून सही केली.

मशीन आलं तो पण मंगळवारच. डॉक्टरने कानात बसवलं, बटण फिरवलं, विचारलं, "येतंय ऐकू?" हे मशीन चाचपत राहिले. मला वाटलं, वर्ष फुकट गेलं की काय!

तेवढ्यात खिडकीतला कारकून, सवयीने, आवाज न उतरवता शेजारच्याला म्हणाला, "बघ आता, नाटकी म्हातारा कसा पोपटासारखा बोलेल."

हे हळूच खिडकीकडे वळले. बघत राहिले. मग डॉक्टरला म्हणाले, "येतंय."

आणि मला म्हणाले, "दर मंगळवारी हेच म्हणायचा काय गो?"