सुतळीनं बांधलेली दांडी

रंधा मशीनच्या स्टार्टरची दांडी मी सुतळीनं बांधून ठेवली, आणि मिस्त्रींना ते सांगितलं नाही.

मशीन मामाचं. सानगडीत बाजाराच्या अंगाला त्याची कवेलूच्या छपराची शेड होती, तिथं तो दारं-खिडक्या करायचा. याच मशीननं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती. मामा गेल्यावर मामीनं निरोप धाडला की हे धूड माझ्या डोळ्यांसमोरून ने. मी शाळामास्तर, मला रंधा मशीनचं काय काम? पण फुकट मिळालेल्या वस्तूपुढं माझी अक्कल कधी टिकत नाही. मी म्हटलं, नेत नाही, इथंच चालू करून दाखवतो.

चालू करण्यासारखं त्यात फारसं उरलं नव्हतं. तीन पात्यांपैकी दोन होती. पात्यांवरचं लोखंडी झाकण मामीनं कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलं होतं. पट्टा उंदरांनी खाल्लेला, पाती आवळून धरणारे बोल्ट अर्धे गायब. मामाच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेले एक मिस्त्री गावात होते, त्यांना बोलावलं. साठीचे, किडकिडीत, आणि दहाही बोटं शाबूत. रंध्यावर जन्म काढून दहा बोटं राखलेला माणूस आमच्या भागात विरळाच. शेतीवाडी त्यांना नव्हती. जे होतं ते त्या दोन हातांत.

रविवारमागून रविवार ते खपले. झाकण सागाचं केलं, तिसरं पातं नवं आणून, घासून बाकीच्या दोन्हींच्या वजनाचं केलं, बोल्ट साकोलीहून कातून आणवले. मी काय केलं? पाना धरला, पाना पाडला, आणि पडलेला पाना भुशातून शोधून दिला.

शेवटी राहिली स्टार्टरची कॉईल. ती धड असली की लाईट गेल्याबरोबर दांडी आपोआप खाली पडते, आणि पुन्हा हातानं वर ढकलल्याशिवाय मोटर चालू होत नाही. आमची कॉईल जळलेली. दांडी वर टिकतच नव्हती. भंडाऱ्याच्या दुकानदारानं पंधरा दिवसांनी या म्हटलं. मला कुठला दम? त्यातून मी धानवाल्याचा पोरगा. आमच्याकडं विहिरीवरच्या मोटरची दांडी मोकळी ठेवतोच कोण? लाईटचा नेम नाही, म्हणून दांडी वर करून बांधून टाकायची. लाईट आली की मोटर आपली आपण चालू, पाणी धानाच्या बांधीत. मीही तेच केलं. ओल्या सुतळीच्या तीन गाठी मारल्या आणि मिस्त्रींच्या नजरेस पडू नये म्हणून समोर फळ्या उभ्या केल्या. कॉईल बसली का, असं त्यांनी विचारलं, तर बसली म्हणालो. एवढ्या सहज खोटं मी शाळा तपासायला आलेल्या साहेबाशीही बोललो नव्हतो.

भादव्यातला रविवार होता. दुपारी मशीन चालू झालं. त्याचा तो आवाज ऐकून मी दोन पावलं मागं सरलो, पण छाती मात्र फुगली. सागाच्या फळीवरून पातळ साली उडत होत्या, मिस्त्री मान डोलवत होते. पाव तास झाला असेल, लाईट गेली. पात्यांचा रूळ घरघरत थांबला. मिस्त्री म्हणाले, बरंच झालं, बोल्ट ढिले वाटून राहिले, तेवढ्यात कसून घेतो. झाकण काढून हात घालण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "गुरुजी, दांडी पडली ना?"

"पडली, पडली," मी चपला घालत म्हटलं, आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो.

टपरीवर एक ओळखीचा शेतकरी बसला होता. पाऊस दडी मारून बसलेला, धान वाळत चाललेलं, आणि हा निवांत बिडी ओढत होता. मी विचारलं, मोटरीवर जायचं नाही का? तो म्हणाला, "कायले जाऊ? दांडी बांधून आलो नं. लाईट आली का पानी चालू."

मी हसलो. एक घोट घेतला. आणि माझ्या हातातला कप तिथंच थांबला.

कप कुठं ठेवला आठवत नाही. एक चप्पल रस्त्यातच राहिली. पळता पळता मी मागं वळून टपरीतल्या बल्बकडं पाहत होतो. तो विझलेला होता. पुन्हा पाहिलं, अजून विझलेलाच. मामाचा तो तीन बोटांचा हात डोळ्यांपुढून हलेना.

शेडमध्ये मिस्त्री मशीनवर वाकलेले. दोन्ही हात मनगटापर्यंत पात्यांत, गाल जवळजवळ रुळाला टेकलेला. मी त्यांच्या पाठीमागून सरळ भिंतीकडं गेलो. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. धावून दम लागला होता हे खरं; पण खोटं उघडं पडेल ही लाजही कुठंतरी असणार, आणि ती आठवली की अजून मान खाली जाते. फळ्या ढकलल्या, त्यातली एक माझ्याच पायावर पडली. गाठी सुकून दगड झाल्या होत्या. नखं लावली, एक नख तुटलं. शेवटी मी स्टार्टरवर तोंड टेकवलं आणि गाठ दातांत धरली.

मला फेफरंबिफरं आलं असं मिस्त्रींना वाटलं असावं. ते पाना बोल्टवर तसाच सोडून उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांना ती सुतळी दिसली.

आणि लाईट आली.

रूळ फिरला, पाना काडकन कुठंतरी आपटला आणि आमच्या डोक्यावरून कवेलू फोडून वर गेला. मी भिंतीला चिकटलो. ढिल्या बोल्टांवर पाती किंचाळत होती. कुठलं पातं कुणीकडं सुटेल याचा भरवसा नव्हता. मिस्त्रींनी खाली पडलेली पटाशी उचलली, माझं डोकं बाजूला सारलं आणि एका घावात सुतळी तोडली. दांडी पडली. रूळ थांबायला जेवढा वेळ लागला, तेवढी वाट मी आयुष्यात कशाचीच पाहिलेली नाही.

मग मी त्यांची बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली. मी भुशात खाली बसलो. दातांत अजून सुतळीचे धागे होते. मिस्त्रींनी गमछ्यानं हात पुसले, एकेक बोट सावकाश, आणि माझ्याकडं पाहिलं.

"तोंड होतं तं बोलाचं, गुरुजी. सुतळी कायले चावून राहिले होते?"