डाव्या हाताचं बोलावणं

दोन शर्ट पुरतील, असं रेनी तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिच्या सासूने, मार्लीनने, तिसऱ्यांदा सहा शर्ट घडी घालून बॅगेत ठेवले. सहा शर्ट म्हणजे मोसम संपेपर्यंतचा मुक्काम, दोन म्हणजे पुढच्या मंगळवारी परत. भांडण शर्टांचं नव्हतंच.

ज्याचे शर्ट होते तो रेनीचा नवरा डॅरल घरातच नव्हता. सकाळी हॅवलिन गावच्या शाळेने त्याला बोलावून घेतलं होतं. तिथले अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे हाताने चेंडू फेकायच्या खेळाचे, कोच मळणीयंत्रावरून पडून कंबर मोडून घेऊन बसले होते. मोसम संपेपर्यंत मुलांना सांभाळशील का, हे आज दुपारपर्यंत सांगायचं होतं. तो गेला आणि तासाभरात स्वयंपाकघरातला फोन वाजला. तीन राज्यं पलीकडच्या मोठ्या संघाने डॅरलला परत बोलावलं होतं. फोन मार्लीनने घेतला आणि संध्याकाळच्या विमानाने तो निघतोय, असं सांगूनही टाकलं.

डॅरल कोलार अठ्ठावीस वर्षांचा होता आणि धंद्याने क्वार्टरबॅक. चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं हे जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. संघात असे तिघे असतात. पहिला खेळतो, दुसरा टोपी घालून तयारीत उभा राहतो आणि तिसरा दुसऱ्याच्या शेजारी उभा राहतो. डॅरल तिसरा होता. तीन वर्षांत पाच बोलावणी, एकूण पस्तीस दिवस, आणि खऱ्या सामन्यात खेळला तो दोन मिनिटं.

त्या दोन मिनिटांत संघ भरपूर पुढे होता, नुसता वेळ काढायचा होता. अशा वेळी चेंडू घ्यायचा आणि गुडघा जमिनीला टेकवायचा. डॅरलने तो तीनदा टेकवला. दर टेकण्याला एक यार्ड मागे धरतात, म्हणून खेळाच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे कायमचं लिहिलं गेलं: तीन प्रयत्न, उणे तीन यार्ड. मार्लीनने त्याचा फोटो मोठा करून बैठकीत लावला, लहानपणी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतानाच्या, पहिल्या कम्युनियनच्या फोटोशेजारी. दोन्हीत तो गुडघ्यावरच आहे.

बाजूला उभं राहायची सवय घरातही सुटली नव्हती. रेनी चुलीशी असली की तो मागे कमरेवर हात ठेवून उभा राही आणि ग्रेव्ही तळाला लागतेय, हे ती लागायच्या आधीच रेनीला सांगे. पळी मात्र हातात घेत नसे. पाच वेळा सामान बांधून आणि पाच वेळा सोडून रेनी कंटाळली होती. तिला एक बिऱ्हाड हवं होतं, जिथे पडदे मापाने शिवता येतील.

आणि तिला एक गोष्ट ठाऊक होती. गेल्या हिवाळ्यात खणांत जुनी वर्तमानपत्रं अंथरताना तिला दिसलं, की डॅरलला ज्या ज्या आठवड्यात बोलावलं, त्या त्या आठवड्यात समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक डावखुरा होता. डॅरलही डावखुरा. आपल्या बचावाच्या गड्यांना डाव्या हाताच्या फेकीची सवय व्हावी, म्हणून सरावाला त्या क्वार्टरबॅकची नक्कल करणारा एक माणूस लागतो. सामना झाला की गरज संपली. पाचात पाच. रेनीने कागद उलटा घातला आणि वर चमचे मांडले.

"त्यांना त्याची किंमत कळली," मार्लीन म्हणाली. "बायकोला कळायची आहे अजून."

रेनीने ओठ आवळले. मग एवढंच विचारलं, "या रविवारी सामना कोणाशी आहे, विचारलंत का मार्लीन?"

कोणाशी का असेना, असं मार्लीनने उडवून लावलं. पण टेबलाशी कोबी-डुकराचं सूप पिणाऱ्या लेनर्डने, डॅरलच्या वडिलांनी, मान वर न करता संघाचं नाव सांगितलं. "तो डावखुरा पोरगा आहे ना त्यांचा," ते म्हणाले.

"डावखुराच," मागच्या दारातून आवाज आला. डॅरल बुटांचा चिखल पुसत उभा होता. "दर वेळी असतो. ते मला बोलवत नाहीत, मॉम. माझ्या डाव्या हाताला बोलवतात. मी सोबत जातो."

मग रेनीने विचारलं, हे कधीपासून माहीत आहे.

"दुसऱ्या खेपेपासून."

तरी का जात होतास, हे तिने विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. सरावात त्याला समोरच्या संघातल्या त्या डावखुऱ्याच्या नंबराचा शर्ट देत आणि तो आपल्याच संघाच्या बचावातल्या, देशात नावाजलेल्या अकरा जणांविरुद्ध खेळे. बहुतेक बुधवारच्या सरावात त्याने त्यांची पार दाणादाण उडवली होती. त्याची कुठे नोंद नसते, पण मजा यायची.

मार्लीन खुर्चीवर बसली होती, ती उठली. "मग याही बुधवारी उडव," ती म्हणाली. "कोण नको म्हणतंय? शर्ट सहाच ठेवते."

"संघाचा फोन शाळेतही आला होता, येत नाही म्हणून सांगितलं," डॅरल म्हणाला. "शाळेला हो म्हटलं. पाच सामने हरलेली मुलं आहेत. सराव रोज साडेतीनला, सामना शुक्रवारी. मोसम संपेपर्यंत रात्रीचं जेवण सातला."