शेवटच्या यादीतलं नाव

ग्रोनिंगन शहरापासून पाऊण तासावर, सरळ रेघेत खणलेल्या एका कालव्याच्या दोन्ही काठांनी आमचं गाव लांबच लांब पसरलं आहे. नवऱ्याची नोकरी शहरात, घर इथं. मी त्याच्या मागून, त्याच्या परमिटवर आले आणि पहिली दोन वर्षं मनसोक्त चिडचिड केली. घरात बोलायला कोणी नाही, बाहेर भाषा येत नाही. डच क्लासला जायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

शेजारच्या घरात एक आजी एकट्याच राहत. वय नव्वदीच्या आसपास, पाठ ताठ, बोलणं फटकळ. एकदा कुंपणापाशी बोलता बोलता त्यांना कळलं की मला जर्मन येतं. पुण्यात मी जर्मनच्या तीन परीक्षा दिल्या होत्या आणि त्याचा उपयोग काय, असं घरीदारी सगळ्यांनी विचारून झालं होतं. आजींनी मात्र काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चर्चमध्ये ये, एवढंच सांगितलं.

गावात चर्च दोन. मोठं डच लोकांचं. छोटं, विटांचं, शिखरावर इथल्या नेहमीच्या कोंबड्याऐवजी हंस बसवलेलं, ते लुथरन पंथाचं. मी त्या हंसाला इतके दिवस सरस्वतीचं वाहन समजून मनातल्या मनात नमस्कार करत होते. हे चर्च आजींच्या पूर्वजांनी बांधलं. ती जर्मन माणसं. सीमेपलीकडून दर उन्हाळ्यात पीट कापायला यायची. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती, विटांसारखी कापून, वाळवून जाळतात. हंगाम संपला की परत जायचं ठरलेलं असे. पुढच्या वर्षी जाऊ, त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ, असं करत काही जण इथंच राहिले. हे ऐकून मला हसू आलं, कारण आमच्याही घरात दर दिवाळीला हेच बोलणं होतं.

चर्च बंद होणार होतं. येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. जी होती ती शहरातल्या चर्चला जोडली जाणार होती. त्याआधी जुन्या नोंदवह्यांवरून चर्चचा इतिहास लिहून काढायचा, हे आजींनी अंगावर घेतलं होतं. त्या वह्यांतलं जुनं वळणदार जर्मन अक्षर मला वाचता येईना. आजींना येत होतं, पण त्यांची नजर अधू झालेली. मग मी पानाचा फोटो काढून लॅपटॉपवर मोठा करायचे, त्या नाक स्क्रीनला टेकवून वाचायच्या आणि मी टाइप करायचे. सगळा उन्हाळा असा गेला. पुरुषांच्या नोंदी भरघोस होत्या: नाव, गाव, काम. बायकांच्या पुष्कळ ठिकाणी फक्त 'त्याची पत्नी'. अशी ओळ आली की आजी थांबायच्या, नाव सापडतं का म्हणून पुढची पानं उलटायला लावायच्या. नाही सापडलं की कॉफी करायला उठायच्या.

या चर्चची एक रीत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस, त्यांचं धार्मिक वर्ष संपतं त्या रविवारी, वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचायची. एका नावाला घंटेचा एक टोला. आजींच्या आईवडिलांची नावं अशी वाचली गेली होती, नवऱ्याचंही. या नोव्हेंबरची यादी शेवटची होती आणि ती टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभरात तीन माणसं गेली होती.

आजी म्हणाल्या, "चौथं माझं लिही."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सावकाश समजावलं. पुढच्या वर्षी इथं कोणी वाचणारं नसेल. त्या गेल्यावर त्यांचं नाव या भिंतींत कधीच घेतलं जाणार नाही. म्हणून आत्ताच, जिवंतपणी, आपल्या कानांनी एकदा ऐकायचं होतं.

मी "हो" म्हणाले.

आमच्याकडे घरात अभद्र बोलू देत नसत. वास्तू तथास्तु म्हणत असते, असं आई सतत बजावायची. ते चर्च म्हणजे वास्तूच की, आणि माझ्या हातानं जिवंत बाईचं नाव मेलेल्यांच्या यादीत लिहायचं? मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची सवय नव्हती. हो म्हणायचं आणि आपल्याला पटेल ते करायचं, यातच मी वाढले. तिथंच नाही म्हणाले असते तर आजींनी पाद्रीबुवांना स्वतः सांगितलं असतं. मी पाद्रीबुवांना तीनच नावांचा कागद दिला आणि आपण आजींना जपलं म्हणून मनातून खूशही झाले.

त्या रविवारी आजी निळा कोट घालून पुढून दुसऱ्या बाकावर बसल्या. कानातलं यंत्र दोनदा नीट केलं. मी त्यांच्या शेजारी. तीन नावं झाली, तीन टोले झाले. पाद्रीबुवांनी कागद घडी करून ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. आजी मान किंचित पुढे करून तशाच बसून होत्या. प्रार्थना संपली, शेवटचं गाणं झालं, तरी त्यांची मान पुढेच.

बाहेर आल्यावर मी गडबडीनं सांगून टाकलं, की आमच्यात जिवंत माणसाचं नाव असं लिहीत नाहीत, तुम्हाला काही होऊ नये म्हणून मी गाळलं.

त्या म्हणाल्या, "मला जे व्हायचं ते होणारच आहे. मला फक्त ऐकायचं होतं."

रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढेही त्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलत राहिल्या आणि मला त्यांच्या समोर बसणं जड होऊ लागलं. मी कामाची निमित्तं काढून जाणं कमी केलं. याची मला आजही लाज वाटते. फेब्रुवारीत झोपेतच त्या गेल्या. कोणाच्या लिहिण्यानं नाही की न लिहिण्यानं नाही, म्हातारपणानं गेल्या.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी बस पकडून शहरातल्या चर्चमध्ये गेले. इथं तरी त्यांचं नाव घेतील, असं मी धरूनच चालले होते. कोणाला विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. यादी बरीच लांब होती. प्रत्येक नावाला मला वाटे, आता पुढचं. शेवटचा टोला झाला आणि वाचणाऱ्या बाईंनी कागद खाली ठेवला. नंतर कळलं, आजींनी आपली सभासद म्हणून नोंद त्या चर्चकडे कधी करून घेतलीच नव्हती.

नावं संपल्यावर बाईंनी विचारलं होतं, आणखी कोणाला आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आहे का. कोणी उठलं नाही. उभं राहून दोन शब्द म्हणण्याइतकं डच मला तोवर चांगलं येत होतं. पण मी त्यांची कोण, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार करत मी बसून राहिले, आणि तेवढ्यात गाणं सुरू झालं.