अमेरिकेला गेलेल्या पणजोबांचा शोध, निलंग्याकडे

नांदेडहून लातूरची बस निघाली तेव्हा धुक्यात गोदावरी दिसतच नव्हती. मी खिडकीशी डोळे मिटले आणि पेंगता पेंगता थेट अमेरिकेला पोचले. माझे पणजोबा माधवराव तिकडेच गेले होते. मुंबईला बोटीवर चढले, बायको आणि तान्हं पोर मागे ठेवून, ते परतलेच नाहीत. पणजी मरेपर्यंत कुंकू लावून त्यांची वाट पाहत राहिली. "पळपुटा कुठला!" माझे वडील, अण्णा, आपल्या या आजोबांवर अजून करवादतात. पंच्याऐंशी वर्षांचे झालेत, पण श्राद्धाला त्यांचं नाव घेऊ देत नाहीत. अण्णा आहेत तोवर खरं काय ते कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

लातूरला बस बदलली, पुन्हा डुलकी लागली आणि दचकून भलत्याच फाट्यावर उतरले. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, तुमचं गाव पुढं हाय! झोपेतच उतरलात का?" चढले परत, काय करणार!

निलंग्याजवळच्या गावात मल्लप्पा हेळवी (घरोघर फिरून वंशावळ सांगणारे) ओसरीवर बसले होते; आमच्या घराण्याची वही त्यांच्याकडेच होती. त्यांनी आधी भाकरी, गरगटं (डाळ घालून घोटलेली पालेभाजी) आणि शेंगांची चटणी पुढे केली. "जेवल्याबिगर वही उघडत नसतो, अक्का." समोर तूर पिवळीधमक फुललेली, ऊन उबदार. आपण कुठल्या काळात बसलोय, तेच मला उमजेना.

मग वही उघडली. एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

"माधवराव. अमेरिकेत लाकडाच्या गिरणीत ओंडका अंगावर पडून वारले. गेल्यावर तिसऱ्याच वर्षी."

"अहो, पण पणजी तर कुंकू लावायची!"

"पत्र आलतं, अक्का. बाईला वाचता येत न्हवतं, माझ्या आज्यानं वाचून दावलं. म्हणली, वहीत लिवा, पर मी हाय तवर कुणाम्होरं वाचू नका. कुंकू गेलं की मला कोपऱ्यात बसवतील, मग माझ्या लेकराकडं कोण बघंल? आज्यानं शब्द पाळला. पुढं तुमी नांदेडला गेलात, आमचा फेराच तुटला."

मला भडभडून आलं. परतताना बसमध्ये डोळा लागला नाही.

घरी आल्याआल्या अण्णांना सगळं सांगितलं. ते पंच्याचं टोक चुरगाळत बसले.

"मी लहानपणापासून शिव्या घातल्या त्यांना. आजीच्या तोंडावर. ती नुसती हसायची," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "भरलं घर आमचं. रडायला कुठं जात असेल गं ती?"