ओळखीला मनाई

गणपतीनंतर आमचे जुने वॉचमन शिवराम यांना काढले. दिवाळीत आसामचा बिपुल आला आणि संक्रांतीला त्यालाही हलवले. जबाबदार दोघे: सोसायटीचे सचिव आणि त्यांनी नेमलेला ठेकेदार.

आज सकाळी फाटकावर झारखंडचा नवा माणूस उभा होता. मी नाव विचारताच त्याने मान खाली घातली. "साहब, बात करना मना है."

माणसे दुरून येतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पोटामागे माणूस जाणारच. परंतु पत्नी गेल्यापासून माझ्याशी रोज बोलणारा बिपुल एकटाच होता. माझ्याकडूनच मराठी शिकून तो मला दटावी, "काका, आज पण खिचडी? काकू असत्या तर ओरडल्या असत्या!" मीही वर्तमानपत्रात आधी त्याच्या मुलखाचे हवामान पाहू लागलो होतो. अजूनही नजर तिथेच जाते.

रहिवाशांशी ओळख वाढली की पहारा सैल होतो, असे सचिव म्हणतात. जिथे कोणी कोणाला ओळखतच नाही, तिथे राखायचे तरी काय?

ओळख हा गुन्हा कोणत्या नियमाने ठरला, याचे उत्तर सचिवांनी येत्या सर्वसाधारण सभेत, सर्वांसमक्ष, उभे राहून द्यावे.